बेसला जवारी पाहिजे

भावा, तुझा मेसेज दोनदा वाचला आणि पाठवलेलं गाणं चार ठिकाणी ऐकलं, स्टुडिओत, मोबाईलवर, गाडीत आणि घरातल्या जुन्या होम थिएटरवर. तुझं म्हणणं असं, की बेस गिटार हेडफोनमध्ये झकास वाटते, मोबाईलवर गायब होते, गाडीत नुसती घुमते, आणि ढोलकी-हलगी सुरू झाली की कुठला सूर वाजतोय तेच कळत नाही. ६० हर्ट्झला, म्हणजे अगदी तळाला, आवाज ८ डीबी वाढवून बघितलास, चार-पाच प्लगइन (आवाजावर काम करणारी छोटी सॉफ्टवेअर) बदलून बघितलेस, तरी पंच, म्हणजे सुराचा ठोसा, येत नाही. मी पंधरा-सोळा वर्षं इथं कोल्हापुरात रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय, त्याच्या आधी ऑर्केस्ट्रात बेसच वाजवायचो, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे आणि उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पहिलं काम, ती ६० हर्ट्झची ८ डीबीची उडी काढून टाक. आत्ता काढ, मग पुढचं वाच.

का ते सांगतो. बेसच्या मोकळ्या तारा बघ, ई म्हणजे ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. आणि मोबाईलचा स्पीकर साधारण अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच काढत नाही. म्हणजे तू खाली कितीही ओतलंस तरी मोबाईलवर त्यातलं काही पोचणारच नाही. पण चांगल्या गाण्यात त्याच मोबाईलवर बेसची चाल गुणगुणता येते की नाही? येते. कारण ई तार नुसती ४१ ला वाजत नाही, तिच्याबरोबर ८२, १२४, १६५, २०६ असे पटीतले वरचे सूर तीनशेच्याही पुढं वाजत जातात, आणि कानाला ते वरचे सूर नीट मिळाले की खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. तो सूर स्पीकरमधून निघत नसतो तरी आपल्याला 'ऐकू येतो'.

आपल्याकडे हे जुन्या लोकांना कधीपासून माहीत आहे. तानपुरा घे. मिरज आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर, तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनसुद्धा मिळालं. तिथला कारागीर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून घासून जवारी, म्हणजे तारेतली वरच्या सुरांची झणझण, काढतो, आणि वाजवणारा तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी उघडतो. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची असते, म्हणजे बेसच्या ए आणि डी तारेच्या मधली. जवारी बंद असली तर ती तार नुसती भप्प करते, शेजारी बसलेल्यालाही सूर लागत नाही. जवारी उघडली की तीच तार हॉलच्या शेवटच्या रांगेत आणि छोट्या रेडिओवरसुद्धा स्पष्ट कळते. तार तीच आणि सूरही तोच, पण वरचे सूर मोकळे झालेले असतात. तुझ्या बेसची जवारी बंद आहे, आणि तू नुसता आवाज वाढवत बसलायस. खाली जे काही करायला सांगतोय ते सगळं बेसची जवारी उघडण्यासाठी आणि खालचं पोट एका जागी स्थिर ठेवण्यासाठी आहे, एवढं डोक्यात ठेव.

आता तुला ६० ला वाढवावंसं वाटलं तरी का, ते. तू लिहिलंयस की खोली १० बाय १० ची आहे आणि टेबल-खुर्ची मधोमध आहे. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, हिशोब केला तर समोरासमोरच्या दोन भिंतींत पहिली घुमणारी लाट ५६ हर्ट्झच्या आसपास तयार होते, म्हणजे जवळपास ए तारेचाच सूर. ती लाट भिंतींपाशी सगळ्यात जोरात असते आणि खोलीच्या बरोबर मध्यात सगळ्यात कमी. तुझी खोली चौरस, म्हणजे दोन्ही बाजूंनी तोच आकडा, आणि तू बसतोस मध्यात. तिथं तुला ५५-६० ऐकूच येत नाही म्हणून तू वाढवलंस, गाणं गाडीत गेलं, गाडीत ते सगळं जसंच्या तसं बाहेर पडलं. तुझ्या कानाचा दोष नाहीये यात. खुर्ची मागे-पुढे सरकव, एका भिंतीपासून साधारण ३८-४० टक्के अंतरावर बस, स्पीकर त्या भिंतीकडं, आणि कोपऱ्यांत जाड गाद्या, जुन्या रजया भरलेली पोती उभी कर. पूर्ण इलाज नाही तो, पण फरक कळेल. आणि बेसचे निर्णय त्या खोलीत स्पीकरवर एकट्याने घेऊ नकोस, हेडफोन आणि मीटर जोडीला ठेव.

आता मूळ रेकॉर्डिंग. भावा, तुझी कोरडी, म्हणजे काहीही न लावलेली, फाईल ऐकली, सॉफ्टवेअरमध्ये काही करायच्या आधीच निम्मं काम बिघडलेलं आहे. तारा किती जुन्या आहेत? मला तरी वर्षाच्या वर वाटतायत. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की पावसाळ्यात गिटार उघडी टांगून ठेवली की गणपतीपर्यंत तारा काळ्या पडतात, गुंडाळीच्या फटींत घाम आणि गंज बसतो आणि वरचे सूर मरतात. जे सूर तारेतूनच निघत नाहीत ते इक्वलायझर कुठून आणणार. राऊंडवाउंड (गोल तारेच्या गुंडाळीच्या) तारांचा नवा सेट टाक, दोन-तीन दिवस वाजवून ताण बसू दे, मग रेकॉर्ड कर. लगेच पैसे नसतील तर जुना सेट काढून दहा मिनिटं पाण्यात उकळ, कोरडा खडखडीत करून परत लाव, चार-आठ दिवस बऱ्यापैकी जीव येतो. मी कॉलेजात असताना हेच करायचो. पावसाळ्यात मानेचा बाकसुद्धा बदलतो, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या आधी बाराव्या पट्टीवरचा (फ्रेटवरचा) सूर आणि मोकळी तार ट्यूनरवर जुळतायत का बघ. हार्मोनियम किंवा कीबोर्डबरोबर वाजवणार असशील तर हे चुकवू नकोस, बेस थोडा जरी उतरलेला असला तरी सगळं गाणं गढूळ वाटतं आणि लोक दोष मिक्सला देतात.

इथं कुणी म्हणेल की डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतला बेसवादक जेम्स जॅमरसन तर १९६२ च्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड (चपट्या गुंडाळीच्या) तारा लावायचा, तुटल्याशिवाय बदलायचा नाही, ॲम्पशिवाय सरळ डायरेक्ट रेकॉर्ड व्हायचा, आणि तरी त्याची एकेक चाल स्पष्ट ऐकू येते. खरं आहे. पण त्याच्या एका बोटात जे होतं ते आधी आपल्या बोटात यायला पाहिजे, आणि त्या गाण्यांत बेसला जागा मोकळी ठेवलेली होती. तुझ्या गाण्यात ढोलकी, हलगी, कीबोर्डचे स्ट्रिंग्ज आणि दोन गिटार एकाच वेळी चालू आहेत. तुला नव्या तारांचीच मदत लागणार.

हाताबद्दल सांगतो, कारण पंच म्हणतात तो मुळात हातातनंच येतो. तू मानेच्या टोकापाशी छेडतोयस, तिथं आवाज गोल आणि मऊ होतो, एकटं वाजवायला छान वाटतं. बोटं पिकअपवर (तारांखालचा चुंबकी माईक) किंवा पिकअप आणि ब्रिज यांच्या मध्ये आण, तिथं तार ताठ लागते, टिचकी स्पष्ट येते आणि वरचे सूर जास्त निघतात. दुसरं म्हणजे सूर सोडायचा कधी. नवशिका वाजवणारा सूर सुरू करण्याकडं लक्ष देतो, संपवण्याकडं नाही, त्यामुळे मागचा सूर पुढच्यात मिसळतो आणि मोकळ्या तारा मागं हुंकार देत राहतात. न वाजणाऱ्या तारांवर अंगठा आणि डाव्या हाताची बोटं टेकवून ठेव. ठेक्यात जिथं ढोलकीची धुम पडते तिथं सूर सुरू आणि तिच्या पुढच्या मोकळ्या जागेत सूर बंद, एवढं जमलं की काहीही न करता बेस दुप्पट स्पष्ट होतो. खरंच सांगतो, माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात फाईलींत बेस गढूळ असण्याचं कारण हेच असतं. जोरही सगळ्या सुरांना सारखा लाव, एका सुराला कुस्तीचा जोर आणि पुढच्याला हळूच असं नको. रेकॉर्डिंगला उभा राहून नको वाजवू, बसून वाजव, आणि गाण्याच्या आधी पाच मिनिटं नुसता मेट्रोनोमवर एकच सूर वाजव.

वायर लावताना इंटरफेसवरचं (बेस कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावरचं) इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलंच पाहिजे. तुझ्या फाईलवरनं मला शंका येतेय की ते दाबलेलं नव्हतं. पॅसिव्ह बेसच्या पिकअपला समोर दहा लाख ओहमच्या आसपासचा इनपुट लागतो, लाईन इनपुट साधारण दहा हजाराचा असतो, त्याने पिकअपवर ओझं येतं आणि वरचे सूर तिथंच दबतात. पुन्हा तेच, जवारी बंद. लेव्हल फार वर न्यायची गरज नाही, २४ बिटमध्ये सगळ्यात जोराचा सूर उणे १० ते उणे १२ डीबीपर्यंत गेला तरी भरपूर झालं. ॲक्टिव्ह बेस असेल तर ९ व्होल्टची बॅटरी नवी टाक, मरत आलेली बॅटरी असा घाणेरडा फाटका आवाज देते की माणूस तासभर प्लगइनमध्ये दोष शोधत बसतो.

आता घरघर. तू लिहिलंयस की मागं हम येतो म्हणून ५० हर्ट्झला बारीक खोल कट मारलाय. हा कट आधी काढ. माझ्या हातून हीच चूक झाली होती, बारा-तेरा वर्षांपूर्वी मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरात माडीवर पोवाड्याचं रेकॉर्डिंग केलं होतं, घराला अर्थिंग नव्हतं, घरघर येत होती, मी हुशारी करून ५० ला खोल खड्डा पाडला आणि काम देऊन टाकलं. गाणं होतं पांढरी पाचमध्ये. पांढरी पाच म्हणजे जी, आणि ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी असतो बरोबर ४९ हर्ट्झ. म्हणजे मी गाण्याचा षड्जच कापला होता! प्रत्येक ओळ सावर येऊन थांबायची आणि तिथंच बेस पोकळ व्हायचा, पंचम मात्र खणखणीत. शाहीर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सगळं बरं हाय, पण घरी आल्यावर पाय टेकत न्हाईत." दोन दिवस लागले मला कळायला. तेव्हापासून घरघर प्लगइनने काढायच्या आधी खोलीत काढतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघ, घरघर गेली तर चार्जर किंवा अर्थिंगचा प्रश्न आहे. पंख्याचा रेग्युलेटर, जुन्या ट्यूबचा चोक, मोबाईल चार्जर, हे रेकॉर्डिंगपुरतं बंद कर. बेस हातात घेऊन स्वतःभोवती हळूहळू फिर, एका दिशेला घरघर सगळ्यात कमी होते, तिथं तोंड करून बस. जॅझ बेस असेल तर दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेव, त्या दोघांची घरघर एकमेकांना मारते. एक जरी कमी केलास तरी परत येते.

रेकॉर्ड झाल्यावर कुठलाही प्लगइन लावायच्या आधी एक कंटाळवाणं काम असतं आणि ते मी अजूनही प्रत्येक गाण्याला करतो. ट्रॅक उघडून सूर न् सूर बघायचा. काही सूर नेहमी मोठे येतात, विशेषतः मोकळ्या तारा, आणि काही बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या पट्टीच्या आसपास सूर लवकर मरतो, ती त्या लाकडाची खोड असते. रीपरमध्ये, म्हणजे तुझ्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या सुरापाशी तुकडा कापून त्याचा व्हॉल्यूम २-३ डीबी खाली-वर करायचा, जोडावर छोटा फेड द्यायचा. चार मिनिटांच्या गाण्याला पाऊण तास जातो. पण मग कॉम्प्रेसरला, म्हणजे मोठे सूर दाबून पातळी सारखी ठेवणाऱ्या प्लगइनला, मारामारी करावी लागत नाही, तो नुसता शेवटचा हात फिरवतो. टायमिंगसुद्धा इथंच, आणि ग्रिडला नाही, ढोलकीला जुळव. ढोलकीवाला माणूस आहे, तो जिथं थाप मारतो तिथं बेस बसला पाहिजे, कॉम्प्युटरची रेघ कुठं आहे त्याला किंमत नाही.

आता सॉफ्टवेअर. तू रीपर वापरतोस, चांगली गोष्ट आहे, त्याच्याबरोबर येणारे रीआ ईक्यू आणि रीआ कॉम्प या कामाला पुरतात, वर एक सॅच्युरेशनचं, म्हणजे आवाज किंचित फाडून वरचे सूर वाढवणारं, काहीतरी लागेल, सॉफ्टट्यूबचा सॅच्युरेशन नॉब चालेल. विकत काही घेऊ नकोस.

बेसचा ट्रॅक डुप्लिकेट कर. एकाचं नाव पोट, दुसऱ्याचं जवारी. पोटवाल्यावर २२० हर्ट्झच्या वरचं सगळं काप, जवारीवाल्यावर २२० च्या खालचं काप, दोन्ही कट एकाच जागी आणि एकाच उताराचे असू देत, २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह ठेव. दोन्ही एका बसमध्ये, म्हणजे एका एकत्रित ट्रॅकवर, आण. आता या दोघांची कामं पूर्ण वेगळी आहेत आणि म्हणूनच वेगळे केलेत.

पोटाचं काम फक्त जागेवर राहायचं. तिथं कॉम्प्रेसर लाव, रेशो (दाबायचं प्रमाण) ६ किंवा ८ ला १, अटॅक (दाबायला लागायचा वेळ) १५-२० मिलिसेकंद, आणि काटा ६ ते ८ डीबी दाबला जाईपर्यंत थ्रेशोल्ड (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी) खाली. रिलीज (दाब सोडायचा वेळ) १५० मिलिसेकंदाच्या आसपास सुरू कर, आणि याला खूप छोटा करू नकोस. ४१ हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायला २४ मिलिसेकंद लागतात; रिलीज त्याच्या जवळपास आला तर कॉम्प्रेसर सुराच्या उंचीमागं न जाता लाटेच्याच चढउतारामागं धावायला लागतो आणि तळात एक फरफर येते, ती पुढं कशानंही जात नाही. पोट पूर्ण मोनो. ३० हर्ट्झच्या खालचं काप, पाच तारांचा बेस असेल आणि खालची बी वाजवत असशील, जी ३१ ची असते, तर तो कट २५ ला ने. त्याच्या खाली नुसता हाताचा, लाकडाचा धक्का असतो, तो ऐकू येत नाही पण लेव्हल खातो. तू म्हणालास की गाणं मिरवणुकीत डॉल्बीवर वाजणार आहे, तर हे अजूनच महत्त्वाचं. त्या भिंतीएवढ्या सिस्टीमवर तळात फालतू काही गेलं की ॲम्प्लिफायरची ताकद त्यातच जाते आणि गाणं बारीक होतं.

जवारीवाल्या ट्रॅकवर खरी मजा आहे. आधी कॉम्प्रेसर, रेशो ४ ला १, अटॅक ३०-४० मिलिसेकंद म्हणजे बोटाची टिचकी दाबली जायच्या आधी निसटून जाते, रिलीज ८० च्या आसपास, पुढचा सूर यायच्या आत काटा परत आला पाहिजे. ३-४ डीबीच दाब. तुझा सध्याचा अटॅक १ मिलिसेकंद आहे, टिचकी जन्मायच्या आधीच मारली जातेय आणि तू पंच कुठं गेला म्हणून शोधतोयस, तो तिथंच गेला. मग सॅच्युरेशन. सोलो करून, म्हणजे तेवढा एकच ट्रॅक, ऐकलास तर वाटलं पाहिजे की जरा जास्तच झालं, थोडं करकरीत, फाटल्यासारखं. घाबरू नकोस. खालचं पोट स्वच्छ आहे, त्याला धक्का लागलेला नाही, आणि ढोलकी-हलगीत गेल्यावर ती करकर करकर म्हणून ऐकू येत नाही, सूर म्हणून ऐकू येते. सुताचा दोरा सरकवणं म्हणतात ते हेच. किती सरकवायचा ते मोबाईलवर ऐकून ठरव, चाल गुणगुणता आली की थांब, अजून पुढं नको. सॅच्युरेशनच्या नंतर ५ हजार हर्ट्झच्या वरचं गुळगुळीत काप, नाहीतर डासासारखा आवाज राहतो. ॲम्प सिम्युलेटर वापरणार असशील तर आठ दहाइंची स्पीकरवाल्या जुन्या अँपेगसारख्या कॅबिनेटचा आवाज बऱ्याच फुकट प्लगइनमध्ये असतो, तो बेसला छान बसतो.

एक गोष्ट इथं फार जण विसरतात. ॲम्प सिम्युलेटरमुळं किंवा कॅबिनेटच्या फाईलमुळं जवारीवाला ट्रॅक एक-दोन मिलिसेकंद मागं पडू शकतो. ऐकायला काहीच नाही. पण २५० हर्ट्झची अर्धी लाट बरोबर २ मिलिसेकंदाची असते, म्हणजे दोन ट्रॅक जिथं जुळतात त्या २२० च्या आसपासच एक वर जातो तेव्हा दुसरा खाली, आणि बेसची छातीच जाते. दोन्ही ट्रॅक चालू ठेवून जवारीवाल्याचा फेज (लाटेची वर-खाली दिशा) उलटा करून बघ. उलटा केल्यावर आवाज भरदार झाला तर आधी काहीतरी चुकलं होतं. वेव्हफॉर्म मोठा करून दोन्हीकडची टिचकी एका रेषेत आण, मग परत ऐक.

इक्वलायझर सगळ्यात शेवटी आणि सगळं गाणं चालू असताना, सोलोत अजिबात नाही. बसवर २०० ते ३०० मध्ये एक रुंद कट, २-३ डीबी, तिथं तुझा गढूळपणा बसलाय, कीबोर्डचे स्ट्रिंग्जही तिथंच आहेत. आणि ७०० ते ९०० मध्ये २-३ डीबी वर. बेसचा सूर ओळखू येण्याची जागा ती. तू अडीच-तीन हजाराला वाढवलंयस, एरवी ठीक आहे, तारेचा टणका तिथं असतो, पण तुझ्या गाण्यात हलगी आहे. दोन काड्यांनी वाजणारी ताठ हलगी त्या भागात दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नाही, कुस्तीच्या मैदानात हजारो लोकांच्या गोंगाटावर ऐकू जायला बनलेलं वाद्य ते. तिच्याशी भांडू नकोस. हलगी चालू असेपर्यंत बेसची ओळख ८०० ला ठेव आणि कडव्यात हलगी थांबते तिथं ऑटोमेशनने टणका परत थोडा उघड. ऐकणाऱ्याला वाटेल बेस सगळीकडं सारखाच आहे.

घुमकं (हलगीच्या जोडीचं तालवाद्य) आणि ढोलकीची धुम यांच्याबरोबरचा हिशोब वेगळा. तळात दोघं एकाच वेळी मोठे नाही राहू शकत. ॲनालायझर लावून धुमेची उंच जागा बघ, गाण्यागणिक बदलते, तुझ्या गाण्यात ती मला ९० च्या आसपास दिसतेय. तिथं बेसच्या पोटाला २ डीबी खाली घे आणि बेसला ६०-७० ची जागा दे, किंवा धुम वाजली की बेसचं पोट २-३ डीबी दबेल असा साइडचेन लाव, फक्त पोटावर, जवारीवर नाही. हिंदी-इंग्रजी डान्स गाण्यांत साइडचेन एवढा लावतात की बेस श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो, ठेक्याच्या गाण्याला ते शोभत नाही असं माझं मत आहे. ढोलकीवाला लग्गीत शिरला की थापा इतक्या जवळ पडतात की बेस दबलेलाच राहील, त्या जागी साइडचेन बंद कर.

ऐकताना व्हॉल्यूम. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की आवाज कमी असला की माणसाच्या कानाला तळ आणखी कमी ऐकू येतो. रात्री घरचे झोपलेत म्हणून हळू आवाजात मिक्स केलंस तर तळ वाढवून ठेवणार, जोरात केलंस तर कमी ठेवणार. एक मध्यम व्हॉल्यूम ठरव, शेजारच्या माणसाशी जरा आवाज चढवून बोलता येईल एवढा, नॉबवर पट्टी चिकटवून खूण कर आणि बेसचे निर्णय तिथंच घे. मग एकदा अगदी हळू करून बघ, चाल कळतेय का एवढंच. आवडीचं एक गाणं त्याच लेव्हलला आणून दर वीस मिनिटांनी ऐक, कान फार लवकर सवय करून घेतात.

आणि तुझ्या गाण्यात एक असं आहे जे कुठल्याच बटणाने सुटणार नाही. दुसऱ्या कडव्यात बाई खालच्या पट्टीत गातायत आणि बरोबर तिथंच तू दोन सुरांच्या मध्ये चार-चार सूर भरतोयस, जी तारेवर वर जाऊन. छान वाजवलंयस, पण शब्द बुडतायत आणि बेसही बुडतोय. तेवढ्या आठ मात्रांत फक्त सा आणि प ठेव, ई आणि ए तारेवर, लांब, आणि तुझी ती चाल कडवं संपून धृपदावर येतानाच्या तोडीत वाजव, तिथं कुणीच नाहीये. तेवढा भाग नव्या तारांवर परत रेकॉर्ड कर आणि काहीही न लावलेली कोरडी फाईल मला पाठव, मिक्स नको. मी पोट-जवारी वेगळं करून प्रोजेक्टच परत पाठवतो, म्हणजे आकडे उघडून बघता येतील तुला.